कोट नसलेल्या कोटात : प्रकल्प नोंदी

२९ जुलै २०२४, सोमवार

विषय ठरला. निदान ठरल्यासारखा वाटतोय. मराठीच्या तिसऱ्या वर्षाला गटाने प्रकल्प करावाच लागतो आणि दरवर्षी त्याची गत एकच होते. ‘साहित्यातील मुंबई’ असं ठसठशीत मुखपृष्ठ, आत नेटवरून उचललेली वीस पानं आणि स्पायरल बाइंडिंग. मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, “मला बाइंडिंग नको. चालवून दाखवा.” म्हणजे एखादं जुनं पुस्तक हातात धरून शहरातल्या जागा फिरायच्या, आधी स्वतः आणि मग खालच्या वर्गांना घेऊन.

आम्ही पाच जण. एकमेकांना स्टेशनच्या नावाने हाक मारतो, म्हणून नोंदीतही तीच नावं राहतील: विरार, डोंबिवली, भायखळा, गिरगाव आणि मी कळवा.

सुरुवात विरारने केली. तो रोज चर्चगेटला उतरतो. कँटीनमध्ये वडापाव खाता खाता म्हणाला, “तीन वर्षं झाली, मला अजून ना चर्च दिसलं ना गेट.” आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. “झालं तर मग, हाच विषय,” म्हणाल्या आणि फळ्यावर एक नाव लिहिलं: गोविंद नारायण माडगावकर. जन्म १८१५, गोव्यातला. मुंबईत येऊन शिक्षक झाले आणि १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक लिहून गेले. अख्ख्या मुंबई शहरावरचं मराठीतलं हे पहिलं पुस्तक.

मला त्यातली तारीख जास्त आवडली. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या हुकमाने कोटाच्या, म्हणजे मुंबईच्या किल्ल्याच्या, भिंती पाडायला सुरुवात झाली १८६२ च्या सुमाराला. म्हणजे माडगावकर कोट लिहीत होते आणि तिकडे पहारी लागल्या होत्या. १८६५ ला ते गेले. मुंबईकर त्या भागाला अजून ‘फोर्ट’ म्हणतात, पण फोर्टमध्ये फोर्ट काही नाही. आम्ही जी फेरी काढणार ती या नसलेल्या तटाच्या कडेकडेने.

५ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर पुस्तकाच्या मागे. एका ग्रंथालयात सांगितलं, सभासद नसाल तर इथेच बसून वाचा, झेरॉक्स मिळणार नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रत कपाटात दिसत होती, पण किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. शेवटी गिरगावच्या आजोबांच्या एका मित्रांकडे पुनर्मुद्रित प्रत निघाली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि वर तारीख टाकून सही घेतली, बँकेतल्यासारखी.

रात्री गिरगावच्या घरी मोठ्याने वाचन. जुनं लेखन, त्यामुळे तें, जें, नाहीं, कीं. डोंबिवली प्रत्येक टिंबाला नाकातून सूर लावत होती. आतून आजीचा आवाज आला, “अगं, ती टिंबं म्हणायची नसतात, नुसती बघायची असतात.”

माडगावकरांचा सूर मात्र सगळ्यांना पटला. गावाकडून पाहुणा आलाय, त्याला घेऊन घरमालक शहर दाखवायला निघालाय, तसं लिहितात. विहिरी, तलाव, देवळं, शाळा, छापखाने, कोण काय धंदा करतो, काही सुटत नाही. मधेच देवाचे आणि सरकारचे आभार मानतात, तेव्हा भायखळा पानं उलटायला लागतो. मला ती आभाराची पानंही हवी होती. मतभेद नोंदवून ठेवते.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिली पाहणी. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नाही. भायखळाने दोन रात्री जागून बटर पेपरवर जुन्या नकाशातला तट उतरवला आणि तो आजच्या नकाशावर ठेवला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालूनही एक कोपरा भिजलाच. नेमका अपोलो गेटचा.

पण नकाशा एकावर एक बसल्यावर आम्ही सगळे गप्प झालो. उत्तरेला बाजारगेट, आजच्या जीपीओच्या बाजूला. पश्चिमेला चर्चगेट, जिथे आज फ्लोरा फाउंटन आहे. दक्षिणेला अपोलो गेट, नौदलाच्या लायन गेटजवळ. पूर्वेला बंदर. विरार ज्याला चर्चगेट म्हणून उतरतो ते स्टेशन तटाच्या चांगलंच बाहेर, मैदानात. आणि ती मैदानं! आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. आम्हाला वाटायचं इंग्रजांना क्रिकेट खेळायला ठेवली असतील. तर ती तटासमोरची मोकळी पट्टी होती, शत्रू आला तर तोफेच्या माऱ्यात यावा म्हणून मुद्दाम रिकामी ठेवलेली. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ही पट्टी आणखी रुंद केली. तट गेला, तोफा गेल्या, पट्टी तेवढी उरली. तिच्यावर रविवारी एकाच वेळी पंधरा मॅच चालतात.

संध्याकाळी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात गेलो, फक्त मी आणि भायखळा. १७६९ मध्ये कोटाच्या उत्तर टोकाला फोर्ट जॉर्ज बांधला होता, त्याचा एक तुकडा इथे शिल्लक आहे. काळा दगड, सांध्यांत चुना, चुन्यात पिंपळाची मुळं बोटांसारखी रुतलेली. हात लावला तर भिंत आतून गार. बाजूला एक बाई डबा उघडून बसल्या होत्या, कुणाचा तरी पेशंट आत असणार. आम्ही काय बघतोय ते त्यांनी दोनदा वळून पाहिलं. भिंतीत बघण्यासारखं काय असतं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

तीस पोरांना दवाखान्यात न्यायचं नाही हे तिथेच ठरवलं. फेरी संपल्यावर ज्यांना हवं त्यांना पाच-पाचच्या गटाने, तेही बोलणं बंद ठेवून.

१ सप्टेंबर, रविवार

आज खंदक. तटाबाहेर खंदक होता आणि तो का खणला हे वाचून विरार दिवसभर छाती काढून फिरतोय. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मुंबईच्या इंग्रजांना घाम फुटला, आता पाळी आपली. इथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून खंदकासाठी ३०,००० रुपये दिले. “आमच्या गाववाल्यांच्या धास्तीने खणलाय,” असं विरार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय. त्याचं घर विरार पूर्वेला, आठ वर्षांपूर्वी सांगलीहून आलेलं. असो.

८ सप्टेंबर, रविवार

कालपासून गणपती. गिरगाव मंडळात, डोंबिवलीकडे पाच दिवसांचे, माझ्याकडे दीड दिवसाचे, आजच विसर्जन. काम शून्य.

२२ सप्टेंबर, रविवार

भांडण झालं, आणि चांगलं झालं.

नकाशा बघताना गिरगावच्या लक्षात आलं की काळा घोड्यावरून लायन गेटकडे जाणारा के. दुभाष मार्ग म्हणजे जुना रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. दक्षिणेकडचा तट जिथून जायचा तीच ओळ. आणि याच रस्त्यावर ‘वेसाइड इन’ होतं, जिथे खिडकीशी बसून अरुण कोलटकर चौक बघत असत. त्यांचं ‘काळा घोडा पोएम्स’ २००४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. म्हणजे १८६३ चं पुस्तक ज्या तटाबद्दल बोलतं, त्याच तटाच्या जागेवर बसून दीडशे वर्षांनी दुसऱ्या एका मराठी माणसाने रस्ता टिपून ठेवला: कचरा गोळा करणाऱ्या बायका, सकाळी पदपथावर येणाऱ्या इडल्या, वाहतुकीच्या बेटावर झोपलेला कुत्रा.

डोंबिवलीचं म्हणणं, “पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी विभागाच्या फेरीत कशाला?” गिरगाव भडकली. “‘भिजकी वही’ कुणाची? साहित्य अकादमी मिळालं ते कुठल्या भाषेत? माणूस दोन भाषांत जगला तर आपण त्याला अर्धाच न्यायचा का?” डोंबिवली म्हणाली, तसं असेल तर काळा घोड्यावर आणखी दहा इंग्रजी कवी निघतील, सगळ्यांना न्या. अर्धा तास चाललं. भायखळा गप्प होता. मग त्याने कुत्र्याची कविता काढली. त्यात तो कुत्रा आपल्या अंगावरच्या ठिपक्यांबद्दल बोलतो, ते सतराव्या शतकातल्या मुंबईच्या नकाशासारखे दिसतात, सात बेटांच्या. दीड महिना बटर पेपरवर बेटं गिरवलेला पोरगा, त्याला ते वाचून काय झालं असेल! डोंबिवली म्हणाली, “बरं, पाच मिनिटं. सांगायचं मराठीत.”

६ ऑक्टोबर, रविवार

गुरुवारी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. विभागात पेढे. प्रकल्पाच्या खर्चासाठी हजार रुपयांचा अर्ज पेढ्यांबरोबरच पुढे सरकवला, मंजूर झाला. वेळ साधली.

२० ऑक्टोबर, रविवार

चाचणी फेरी. सपशेल पडलो.

दुसऱ्या वर्षाचे चौदा जण आले. आम्ही दोन महिन्यांत जे जे गोळा केलं ते ते सगळं सांगितलं. टाउन हॉल १८३३, वास्तुकार कर्नल टॉमस कूपर. फ्लोरा फाउंटन १८६४, शिल्पकार जेम्स फोर्सिथ. राजाबाई टॉवर १८७८, २८० फूट, पैसे प्रेमचंद रायचंदचे. जीपीओ १९१३, विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला घुमट. मी स्वतः टाउन हॉलसमोर अकरा मिनिटं बोलले. डोंबिवलीने घड्याळ लावलं होतं. तिसऱ्या थांब्यानंतर चौदाचे नऊ झाले. पुढचे दोघं मोबाइलवर मॅच बघत होते, मागचा एक जण विचारत होता, “ताई, अटेंडन्स आता घेणार की शेवटी?” एकूण वेळ तीन तास दहा मिनिटं. उन्हाचा ऑक्टोबर.

मॅडम पूर्ण वेळ मागे चालत होत्या. चहा घेताना एवढंच म्हणाल्या, “इमारती छान दाखवल्यात. माडगावकर कुठे होते?”

ट्रेनमध्ये कळव्यापर्यंत तोच प्रश्न डोक्यात. खरं तर आम्ही माडगावकरांना सुरुवातीला नमस्कार करून सोडून दिलं होतं. आणि तट तर एकदाही उभा राहिला नाही. ज्या गोष्टी दिसत होत्या त्याच आम्ही दाखवत बसलो. त्या दिसायला आमची काय गरज होती?

२४ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली, निवडणुका झाल्या, परीक्षा मधेच उरकली. आज पाचही जण एकत्र.

नवा नियम भायखळाने मांडला आणि त्याचा पहिला फटका त्यालाच बसला: १८६३ नंतर बांधलेलं काही सांगायचं नाही, ते तटाच्या जागेवर उभं असेल तरच सवलत. म्हणजे राजाबाई टॉवर गेला. सीएसएमटीसुद्धा गेलं, वास्तुकार स्टीव्हन्सची सगळी नक्षी आणि भायखळाने काढून ठेवलेले सगळे फोटो. बोरीबंदर तेवढं राहिलं, कारण १६ एप्रिल १८५३ ची ठाण्याची पहिली गाडी माडगावकरांच्या मुंबईत सुटली होती. भायखळा दोन मिनिटं तोंड पाडून बसला, मग स्वतःच वहीत काट मारली.

दुसरा नियम: प्रत्येक थांब्यावर एकच जण बोलणार, चार मिनिटं, हातात पुस्तक उघडं, आणि जे आता नाही तिथून सुरुवात.

थांबे सात होते, सहा केले. बाजारगेट, हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमस, हुतात्मा चौक, रॅम्पार्ट रो, लायन गेट. चालायला दोन-अडीच किलोमीटर. जुन्या बाजारगेट स्ट्रीटने, आजच्या पेरीन नरिमन मार्गाने, खाली उतरायचं, सर्कलवरून पश्चिमेला वळायचं, मग महात्मा गांधी रोडने काळा घोडा आणि तिथून तटावरून लायन गेट.

हुतात्मा चौकावर मात्र डोंबिवली अडली. म्हणाली, इथे १८६३ चा नियम लावलास तर मी येणार नाही. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार तिथे झाला, संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक तिथे आहे, अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ तिथे म्हणायची नाही तर कुठे म्हणायची? तिचं बरोबरच होतं. आणि नियमातही बसत होतं, कारण स्मारक दरवाजाच्याच जागेशी उभं आहे. त्या छकडीत गावाला राहिलेल्या मैनेचं दुःख शेवटी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखापर्यंत जातं. तटाबाहेर कोण राहिलं हा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेने येतोच.

भायखळाचा शोध, कुठेच बसत नाही म्हणून इथे लिहिते. फ्लोरा फाउंटन आधी राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं, ते फोर्टात आलं. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, फोर्टात होता, तो १९६५ मध्ये हलवला आणि राणीच्या बागेत गेला. “अदलाबदली झाली,” भायखळा म्हणतो. आज काळा घोड्याला जो घोडा आहे तो २०१७ चा, स्वाराशिवाय. खरा घोडा त्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि हे त्याला कालपर्यंत माहीत नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

आजचं काम रुक्ष, पण यावाचून काही होत नाही. पोलीस ठाण्यात पत्र दिलं. लाउडस्पीकर नको आणि रस्ता अडवू नका, एवढंच म्हणाले. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे कुठे उघडं असतं ते मी आणि डोंबिवलीने फिरून पाहिलं. सहा थांब्यांत दोन. त्यातल्या एकाला कडी नाही. थांब्यांचा क्रम यावरून बदलावा लागेल असं वाटलं होतं, पण चहाचा थांबा हॉर्निमन सर्कलला घेतल्यावर जमलं.

बर्फाची कल्पना डोंबिवलीची. लायन गेटसमोर, आज के. आर. कामा संस्था आहे तिथे, बर्फघर होतं. १८४३ चं. अमेरिकेतल्या बोस्टनकडच्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात घालून, जहाजाने मुंबईला यायचा. माडगावकरांच्या मुंबईत साहेबाच्या पाण्यात तो खडा पडायचा. तर शेवटच्या थांब्यावर प्रत्येकाच्या हातावर बर्फाचा एक खडा ठेवायचा, मग सांगायचं. भायखळाच्या आईचा मोठा थर्मास मिळणार आहे.

६ जानेवारी २०२५, सोमवार

तारखेचा घोळ. मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात फेरी काढायची म्हणून आम्ही १९ जानेवारी, रविवार, असं फलकावर लिहून मोकळे झालो. आज शिपाईकाकांनी विचारलं, “त्या दिवशी मॅरेथॉन आहे ना?” आहे. सीएसएमटीवरूनच सुटते, सगळे रस्ते बंद. पुढचा रविवार २६ जानेवारी, बंदोबस्त. शिवाय रविवार म्हटला की मेगाब्लॉक, निम्मी पोरं कुर्ल्याला अडकणार. शेवटी विरारच्या बाबांनी सोडवलं. ते बँकेत आहेत. २५ जानेवारी चौथा शनिवार, बँका बंद, फोर्ट निम्मा रिकामा, आणि गाड्या पूर्ण. फलकावरची तारीख पुसली. ‘१९’ चा ‘१’ अजून दिसतो.

२५ जानेवारी २०२५, शनिवार

फेरी झाली. सकाळी साडेसातला जीपीओसमोर एकतीस जण, नऊ पंचेचाळीसला लायन गेट. आठवेल तसं लिहिते, क्रम चुकला तर चुकला.

बाजारगेटला गिरगाव बोलली. उत्तर कोटात पारशी, गुजराती वस्ती, दक्षिणेला साहेब, आणि तटाबाहेर बाकी सगळी मुंबई. दरवाजे रात्री बंद. ती हे सांगत असताना पांढऱ्या टोपीतले एक वृद्ध पारशी गृहस्थ दूध घेऊन चालले होते, ते थांबले. संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “तमे फोर्ट फोर्ट शुं करो छो? अमे तो कोटना.” आणि गेले. एकतीस जणांना गुजराती कळलं. माडगावकरांच्या पुस्तकातला ‘कोट’ दुधाची पिशवी घेऊन समोरून गेला, याहून चांगली सुरुवात आम्हाला ठरवून करता आली नसती.

हॉर्निमन सर्कलला माझी पाळी. गेल्या वेळची अकरा मिनिटं डोक्यात होती. सगळ्यांना टाउन हॉलच्या तीस पायऱ्यांवर बसवलं, तोंड बागेकडे, आणि म्हटलं, बाग काढून टाका. गोल इमारती काढून टाका. समोर नुसतं मोकळं मैदान, बॉम्बे ग्रीन. त्याच्यावर कापसाचे ढीग. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला तोपर्यंत. माडगावकर लिहीत होते तेव्हा अमेरिकेत यादवी चालू, तिथला कापूस बंद, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि त्या पैशावरच हे मैदान प्लॉट पाडून विकलं जाणार होतं. मग पाठीमागे हात दाखवला. टाउन हॉलच्या मागे नौदलाच्या हद्दीत जुना बॉम्बे कॅसल आहे. त्या जागी पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचं घर होतं, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं, १५६३ साली. बरोबर तीनशे वर्षांनी गोव्यात जन्मलेल्या एका मास्तरांचं पुस्तक. हा योगायोगच, त्यातून काही काढायचं नाही, पण सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

पायऱ्यांवर प्री-वेडिंगचं शूटिंग लागलं होतं. फोटोग्राफरला म्हटलं, “दादा, चार मिनिटं.” तो घड्याळ बघत उभा राहिला. नवरी मात्र लांब झग्याचा घोळ गोळा करून आमच्या मुलींशेजारी खालच्या पायरीवर बसली. कापसाचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “मग मैदान कुणी विकत घेतलं?” एकतीस जणांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सेंट थॉमससमोर विरार. त्याने बोलायच्या आधी खिशातून पास काढला आणि सगळ्यांसमोर धरला: विरार ते चर्चगेट. मग बोट मागे. “हे चर्च. १७१८ चं. आता गेट शोधू. पावलं मोजा.” वीर नरिमन रोड, म्हणजे जुना चर्चगेट स्ट्रीट, त्याने सगळी वरात मोजत मोजत निघाली. फ्लोरा फाउंटनला पोचल्यावर एकाची पावलं ४१२, एकीची ५३६. “ती उंचीने कमी आहे,” कुणीतरी म्हणालं, त्यावर वेगळंच भांडण.

चौकात मोकळ्या फरसबंदीवर भायखळाने बटर पेपर बघून खडूने रेघ ओढली. अठ्ठावीस जण त्या रेघेवर हाताला हात लावून उभे राहिले. हा तट. मधे दोन माणसांची फट. हे चर्चगेट. बाहेर एके काळी पवनचक्की होती म्हणून देशी लोक या दरवाजाला पवनचक्कीच म्हणायचे, हे विरार सांगत होता, तेवढ्यात पाठीला सॅक लावलेला एक मुलगा घाईघाईने आला, इकडून तिकडे बघितलं, आणि त्या अठ्ठावीस जणांनाच विचारलं, “चर्चगेटला कुठून जायचं?”

एक क्षण कुणालाच काही सुचेना. मग सगळ्या तटाने एकदम फटीकडे हात केला. “इथून.” तो मान हलवून त्या दरवाजातून गेला आणि सरळ स्टेशनकडे चालू लागला. त्याच्या पाठीमागे जे हसू फुटलं ते ओसरायला वेळ लागला. मॅडम फटीच्या बाजूलाच उभ्या होत्या, त्याही तटात होत्या.

हसणं संपल्यावर डोंबिवलीने ‘माझी मैना’ घेतली. ठरलं होतं दोन कडवी, पण तिने सुरुवातीचं एक म्हणून थेट शेवटाकडे उडी घेतली, जिथे गावांची नावं येतात. तट अजून उभाच होता, कुणी हात सोडले नव्हते. आम्ही कुणीच काही बोललो नाही, पुढे निघालो.

काळा घोड्याला गिरगावने कुत्र्याची कविता मराठीत सांगितली. रस्त्याच्या कडेला खरोखरच एक कुत्रा झोपला होता. ठिपके नव्हते, पूर्ण तांबूस. ते पाहून भायखळा हळूच म्हणाला, “हा भराव टाकल्यानंतरचा नकाशा.” माझ्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात चांगलं वाक्य, आणि ते फक्त मी ऐकलं.

लायन गेटला थर्मास उघडला. सगळं पाणी. बोस्टनहून अर्धं जग फिरून बर्फ मुंबईला येत असे, आमचा जीपीओपासून अडीच किलोमीटर टिकला नाही. डोंबिवलीने न डगमगता प्रत्येकाच्या तळहातावर गार पाण्याचे थेंब टाकले आणि भुश्याचं महत्त्व सांगितलं.

पाच-पाचच्या गटाने सेंट जॉर्जेसला यायला अकरा जण तयार झाले. पहिला गट भायखळाने नेला. भिंतीपाशी कुणीच काही सांगितलं नाही, सांगायचं नाही असंच ठरलं होतं. एकीने हात लावला, मग एकेकाने.

२७ जानेवारी २०२५, सोमवार

हिशेब: मंजूर १००० रुपये, खर्च १२४०. चहा ५२०, पाणी ३००, झेरॉक्स ३४०, खडू आणि बटर पेपर २०, बर्फ ६०. वरचे २४० डोंबिवलीने भरलेत, आम्ही चौघांनी प्रत्येकी ४८ द्यायचे आहेत. विरार म्हणतो, बर्फाचे तरी माफ कर.

दुरुस्ती: जीपीओसमोर आम्ही बाजारगेट दाखवलं ती जागा नकाशावर तपासली तर थोडी उत्तरेला सरकली होती. पुढच्या वेळी रस्ता ओलांडून उभं राहायचं.

दुसऱ्या वर्षातल्या त्या अटेंडन्सवाल्याचा काल रात्री मेसेज: “ताई, मग मरीन लाइन्समधल्या लाइन्स कुठल्या?” त्याला उत्तर दिलं की तिथे मरीन बटालियनची छावणी होती, तिच्या बराकींच्या ओळी. आणि पुढच्या वर्षी हा प्रकल्प तू घे म्हणून सांगितलं. त्याने अंगठा पाठवलाय, होकार की नुसतं वाचलं ते कळत नाही.

पुस्तक आज परत करायचं. त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून, कारण आजोबांच्या मित्रांनी तारखेसह वर्तमानपत्राचीही नोंद ठेवली आहे म्हणे. थर्मासचं झाकण सापडत नाहीये. भायखळाच्या आईला अजून सांगितलेलं नाही.